दुसरा प्रश्न

आप्पांच्या पासबुकांच्या पिशवीत चौघडी घातलेला एक कागद आहे. रेघांचा फुलस्केप, निळ्या शाईनं लिहिलेला. वर 'मा. चेअरमनसो यांस', खाली तीन प्रश्न, शेवटी 'आपला विश्वासू सभासद'. उजव्या कोपऱ्यात आवक विभागाचा जांभळा शिक्का आणि कुणाची तरी गिचमिड सही. ती पोच. घडीवर कागद इतका विरलाय की खिडकीसमोर धरला तर आरपार उजेड दिसतो.

मी तेव्हा आठवीत होते. आमचं गाव शिरोळ तालुक्यातलं, घरचा ऊस सवा एकर. सप्टेंबरअखेर कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा असायची. लेखी प्रश्न विचारायचे असतील तर सभेच्या आठ दिवस आधी कार्यालयात द्यावेत, असं अहवालाच्या आतल्या पानावर छापलेलं होतं. ते वाचून आप्पा दोन रात्री कंदिलाशी बसले. ऊसबिलातून टनामागं कापून घेतलेल्या परतीच्या ठेवीवर व्याज किती वर्षांचं थकलं आहे, ते कधी मिळणार, आणि मिळणार नसेल तर ठेव परत केव्हा मिळणार, एवढेच तीन प्रश्न. माझ्याकडून शुद्धलेखन तपासून घेतलं. 'व्याज' हा शब्द त्यांनी दोनदा गिरवला होता, तो अजूनही बाकीच्या शब्दांपेक्षा ठळक दिसतो.

सभेला मी त्यांच्याबरोबर गेले. पत्र्याचं मोठं शेड, पुढच्या रांगांत सकाळपासून जागा धरून बसलेली माणसं. लाउडस्पीकरवर 'विषय क्रमांक एक' असा आवाज आला की पुढून 'मंजूर, मंजूर' असा एकच गिल्ला. 'विषय क्रमांक दोन', की पुन्हा तेच. मागून 'नामंजूर' म्हणणारे होते, पण त्यांच्यासमोर माइक नव्हता. आमच्या जिल्ह्यातल्या सहकाराच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांना यात नवं काही वाटणार नाही. सभा गुंडाळली की विरोधक बाहेर समांतर सभा घेतात, हेही नेहमीचं. आप्पा मधल्या रांगेत कागद हातात धरून उभे राहिले. कुणीतरी मागून 'बसा ओ' म्हणालं. ते बसले नाहीत. वीस मिनिटांत राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा सगळेच उभे राहिले, आणि मग आप्पांचं उभं राहणं वेगळं दिसेना.

परत येताना ते वाटेत एवढंच बोलले. "देत न्हाई म्हणला असता तरी चाललं असतं. पर त्यानं म्हणायला पायजे हुतं."

आता मी कोल्हापुरात एका शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. आठवीच्या पुस्तकात संसदीय शासनपद्धती आहे. दरवर्षी तो भाग आला की मी मुलांकडून अभिरूप संसद करून घेते. बाकं समोरासमोर लावायची, मधे मोकळी जागा, टेबलावर अध्यक्ष. विधेयक वगैरे आम्ही थोडक्यात उरकतो. सगळा वेळ जातो प्रश्नोत्तराच्या तासावर, कारण माझा जीव तिथं आहे.

लोकसभेचं कामकाज अकरा वाजता या तासानंच सुरू होतं. ज्या प्रश्नाचं उत्तर सभासदाला तोंडी हवं असतं त्याच्यापुढं चांदणी छापतात, तो तारांकित. ज्याला लेखी उत्तर चालतं तो अतारांकित. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या. दिवसाला वीस तारांकित प्रश्न लागतात, प्रत्यक्षात पाचसहाच चर्चेला येतात, आणि कोणाचा नंबर आधी ते चिठ्ठीवर ठरतं. मुलांना हे कागदांचे रंग फार आवडतात. मीही हिरवा कार्डशीट आणून ठेवते.

पण खरी गोष्ट पुढं आहे, आणि ती मी खडू खाली ठेवून सांगते. पहिल्या प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी दिलेली असते. खात्यातले अधिकारी त्याचं उत्तर लिहितात, तपासतात, वरच्याकडं पाठवतात. मंत्री ते पटलावर ठेवतो. इथवर सगळं कागदाचं काम. मग अध्यक्ष प्रश्नकर्त्याचं नाव पुकारतात, आणि तो उठून पुरवणी प्रश्न विचारतो. त्याला दोन पुरवणी प्रश्नांचा हक्क असतो, नंतर इतरांनाही संधी मिळते. हा दुसरा प्रश्न कुणी आधी लिहून दिलेला नसतो. त्या क्षणी मंत्र्याजवळ असतं ते त्याचं स्वतःचं ज्ञान, त्याची नियत आणि समोर उभा असलेला माणूस.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरकार देतं, दुसऱ्याचं माणूस देतो, असं मला वाटत आलं आहे.

आणि हा दुसरा प्रश्न आपल्याला फुकट मिळालेला नाही. इंग्रजांच्या १८९२ च्या कायद्यानं कायदेमंडळातल्या सभासदांना प्रश्न विचारता येऊ लागले, पण उत्तर आलं की खाली बसायचं. वर काही विचारायची सोय नव्हती. १९०९ च्या कायद्यानं पुरवणी प्रश्न आला, तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरता. मधली ती सतरा वर्षं माझ्या डोळ्यांपुढं येतात. साहेबानं उत्तर वाचून दाखवलं, ते अर्धवट आहे हे सगळ्यांना कळतंय, आणि विचारणारा उभा राहू शकत नाही.

त्या काळात कलकत्त्याच्या मंडळात आपल्या बाजूनं आकडेवारी घेऊन उभा राहणारा माणूस कोल्हापुरात शिकलेला होता, हे मी मुलांना भवानी मंडपाजवळ नेऊन सांगते. गोपाळ कृष्ण गोखले. थोरल्या भावानं शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला शिकायला पाठवले. त्या आठ रुपयांवर गोखले राजाराम हायस्कुलात आणि मग राजाराम कॉलेजात शिकले. १९०२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात गेले. अंदाजपत्रकावर मत द्यायचा अधिकार सभासदांना नव्हता, फक्त बोलता यायचं. ते मिठावरच्या करावर बोलले, वर्षामागून वर्षं बोलले, सरकारचेच आकडे सरकारपुढं ठेवून बोलले. १९०३ साली तो कर मणाला अडीच रुपयांवरून दोनवर आला, १९०५ ला दीडवर, १९०७ ला एकावर. सगळं श्रेय एका माणसाचं असं कुणी म्हणणार नाही. पण महिन्याला आठ रुपयांत राहिलेल्या मुलाला मिठाचा पैसा किती जड असतो हे सांगावं लागलं नसणार.

मुलं त्या जुन्या दगडी इमारतीकडं बघत उभी राहतात. एकीनं मागं विचारलं होतं, "मॅडम, ते कुठल्या बाकावर बसायचे?" मला सांगता आलं नाही.

स्वातंत्र्यानंतरचं एक उदाहरण मी कधीच गाळत नाही. १९६३ चा ऑगस्ट. चीनच्या युद्धाला वर्षही झालेलं नव्हतं. आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला अविश्वासाचा ठराव आणला, आणि त्याच वर्षी पोटनिवडणुकीतून निवडून आलेले राममनोहर लोहिया पंतप्रधान नेहरूंसमोर उभे राहिले. त्यांचं म्हणणं, या देशातली सत्तावीस कोटी माणसं रोज तीन आण्यांवर जगतात. नेहरू म्हणाले, पंधरा आणे. पुढं सरकारकडून साडेसात आण्यांचाही आकडा आला. लोहियांचा मुद्दा असा होता की पंधरा आणे ही सगळ्या देशाची सरासरी झाली, त्यात श्रीमंताचे रुपयेही मिसळलेत. तळातल्या माणसाच्या हातात काय पडतं ते सांगा.

यातलं कोण किती बरोबर हा वाद अर्थशास्त्रातल्या लोकांनी अजूनही घालावा. मला भिडतं ते वेगळंच. देशाचा पंतप्रधान, ज्याच्या मागं तेव्हा प्रचंड बहुमत होतं, तो सभागृहात बसून गरिबाच्या दिवसाचा हिशेब आण्यांत ऐकतोय, उठून उत्तर देतोय, आणि ते उत्तर अपुरं आहे असं त्याला तोंडावर सांगितलं जातंय. ठराव अर्थातच पडला. तीन आणे मात्र लोकांच्या तोंडी राहिले. आप्पा पंचवार्षिक योजनेबद्दल काही सांगू शकणार नाहीत, पण 'तीन आण्याचा वाद' त्यांना माहीत आहे.

मुंदडा प्रकरणाचंही तसंच. १९५७ च्या सप्टेंबरात, आयुर्विमा महामंडळानं उद्योगपती हरिदास मुंदडांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीवर सभागृहात प्रश्न आला, तांत्रिक उत्तर मिळालं. कुणी तिथंच थांबलं असतं. फिरोज गांधी थांबले नाहीत, आणि ते सत्ताधारी पक्षाचे खासदार, पंतप्रधानांचे जावई होते. डिसेंबरात त्यांनी सव्वा कोटीच्या आसपासच्या त्या शेअर खरेदीची चिरफाड केली. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड चौकशी केली, आणि फेब्रुवारीत अर्थमंत्री कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. पाच महिन्यांत, एका प्रश्नापासून.

आणि राजाराम कॉलेजचेच दुसरे विद्यार्थी, यशवंतराव चव्हाण. युद्ध हरत असताना त्यांच्या गळ्यात संरक्षण खातं पडलं. पराभवाची चौकशी झाली, तो अहवाल गुप्त राहिला, पण २ सप्टेंबर १९६३ ला त्यांनी लोकसभेत उभं राहून प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनेतली आदेशव्यवस्था यांत काय काय कमी पडलं ते निवेदनात मांडलं. सगळं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं माझं मत आहे. तरी पराभव आधीच्या संरक्षणमंत्र्याच्या काळातला असूनही ते त्याचं ओझं घेऊन उभे राहिले, हे मी मुलांना सांगते.

उत्तर टाळायची एक भाषाही असते. आपल्या विधिमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या मी मुलांना वाचून दाखवते. 'हे खरे आहे काय, असल्यास उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?' आणि समोर उत्तर: '(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.' कधीकधी हेच उत्तर योग्य असतं, कारण प्रश्नातली माहितीच चुकीची असते. पण कुणाच्या तरी गावातला पूल, कुणाचं तरी थकलेलं अनुदान त्या तीन कंसांत मावून जातं तेव्हा मला तो पत्र्याच्या शेडातला 'मंजूर' ऐकू येतो.

दिल्लीतल्या उत्तरांत दुसरं एक वाक्य येतं, 'माहिती गोळा करण्यात येत असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.' हे ऐकायला टाळाटाळीसारखं वाटतं, पण नियमांत त्याला वजन आहे. असं बोललं की ते आश्वासन ठरतं. लोकसभेची आश्वासन समिती १९५३ पासून अशा वाक्यांची नोंद ठेवते, आणि तीन महिन्यांत ते पुरं व्हावं अशी अपेक्षा असते. मंत्री सहज 'बघतो' म्हणाला तरी ते त्याच्या नावावर चढतं. ज्यानं कुणी ही पद्धत घालून दिली त्याला माणसाच्या 'बघतो'ची चांगली ओळख असणार.

आता सरकारच्या प्रमुखाबद्दल. लंडनमध्ये दर बुधवारी दुपारी बारा वाजता पंतप्रधान अर्धा तास प्रश्नांसाठी उभा असतो. १९६१ साली ही पद्धत नीट बसली, तेव्हा मंगळवारी आणि गुरुवारी पंधरा-पंधरा मिनिटं असायची. १९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांनी बुधवारचा एकच अर्धा तास केला. विरोधी पक्षनेत्याला सहा प्रश्न. यादीतला पहिला प्रश्न बहुधा पंतप्रधानांच्या आजच्या भेटीगाठींविषयीचा, आणि तो केवळ दार उघडायला. त्यानंतर रुग्णालयांवर येईल, करावर येईल की युद्धावर, हे पंतप्रधानाला ठाऊक नसतं. तिथं आरडाओरडा होतो, टोमणे चालतात, नेमका प्रश्न बाजूला राहून टाळ्यांची वाक्यं मारली जातात. त्याचं मला कौतुक नाही. पण आठवड्यातून एकदा देशाच्या कारभाऱ्याला आज आपल्याला काय विचारलं जाईल याची काळजी करावी लागते, त्यासाठी सगळ्या खात्यांची माहिती मागवून रात्री वाचावी लागते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडं पंतप्रधानांसाठी असा वेगळा तास नाही. लोकसभेत त्यांच्याकडच्या खात्यांचा वार बुधवारच आहे, पण ते प्रश्न त्यांच्याकडच्या खात्यांपुरते, अणुऊर्जा, अवकाश, कार्मिक असे, आणि उत्तराला बहुतेक वेळा राज्यमंत्री उठतात. हे कुठल्या एका पक्षाच्या राजवटीतलं नाही, बऱ्याच राजवटींत पाहिलंय. आणि संकट आलं की सगळ्यांत आधी कात्री लागते ती याच तासाला. १९६२ च्या युद्धात लागली, आणीबाणीत लागली, २०२० च्या सप्टेंबरात कोरोनाच्या अधिवेशनात तारांकित प्रश्न बंद ठेवून फक्त लेखी उत्तरं चालू ठेवली. कारणं दर वेळी होती, काही खरीही होती. पण लेखी उत्तराला पुरवणी प्रश्न नसतो. लोकांवर सर्वांत मोठी वेळ आली असताना दुसरा प्रश्नच गेला, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं.

घटनेचं कलम ७५ म्हणतं की मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. मी फळ्यावर 'जबाबदार' लिहिते आणि 'जबाब' खाली रेघ ओढते. बाकी काही बोलत नाही.

यंदाच्या अभिरूप संसदेत पंतप्रधान झाली ती मंगळवार पेठेतली, वडिलांचं वेल्डिंगचं दुकान असलेली मुलगी. ऊसदराचा प्रश्न खरं तर अन्न खात्याच्या मंत्र्याकडं जातो, पण मुलांनी ठरवलं की ऊस आहे तर पंतप्रधानांनीच बोलायचं, आणि कोल्हापुरात बसून मला त्यांना अडवावंसं वाटलं नाही. प्रश्न आम्ही आधी लिहून काढले होते. करवीर तालुक्यातल्या गावाहून केएमटीनं येणारा एक मुलगा विरोधी बाकावरून उठला. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाला केंद्र सरकारनं किती दर ठरवला, असं त्यानं पाठ केलेलं विचारलं. तिनं हिरव्या कार्डशीटवरून वाचलं, क्विंटलला ३५५ रुपये, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला, त्यापुढं दर दशांश टक्क्याला तीन रुपये सेहेचाळीस पैसे वाढीव. छान वाचलं. सत्ताधारी बाकं वाजली.

तो खाली बसायला हवा होता. बसला नाही. "मॅडम, पुरवणी प्रश्न." आम्ही पुरवणी प्रश्न त्याच्यासाठी लिहिलाच नव्हता. अध्यक्ष झालेल्या मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"दर ठरीवला त्ये बरोबर हाय. पर आमचा ऊस जाऊन अडीच महिनं झालं. बिल आलं न्हाई. त्ये कवा येणार?"

वर्गात एकदम शांतता. पंतप्रधानांनी कार्डशीट उलटं करून बघितलं. मागं काही नव्हतं. तिचे कान लाल झाले. मला वाटलं, आपण मधे पडावं, 'पुढचा प्रश्न' म्हणावं, पोर अडचणीत आहे. मागच्या बाकांवरून कुणीतरी हळूच 'मंजूर, मंजूर' म्हणालंही. हे आठवीच्या पोरांना कुणी शिकवलं? मी तशीच उभी राहिले.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "माहिती घेऊन पुढच्या शनिवारी सांगते."

मी आश्वासनाच्या वहीत तिचं नाव आणि तारीख लिहिली. तो मुलगा खाली बसला. त्याच्या तोंडावर राग नव्हता.

पुढच्या शनिवारी ती वही घेऊन उभी राहिली. तिनं घरी विचारलं होतं, वडिलांच्या ओळखीच्या एका ऊस उत्पादकाला गाठलं होतं, माझ्याकडून १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाची झेरॉक्स नेली होती. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. नाही दिले तर पंधरा टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं. "तुमच्या कारखान्यानं का दिलं नाही ते मला कळलं नाही. पण चौदा दिवसांत द्यायला पाहिजे होतं." एवढं म्हणून ती बसली. त्या मुलानं 'चौदा' आणि 'पंधरा' हे दोन आकडे तळहातावर लिहून घेतले.

रात्री आप्पांना फोन केला. त्यांना आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं सगळं सांगावं लागलं.

"पोरीनं उत्तर दिलं?"

"आठवड्यानं दिलं, आप्पा."

"आठवड्यानं का हुईना. दिलं न्हवं." मग बराच वेळ फोनवर नुसता श्वास. मला वाटलं झोपले. "आणि त्या पोराला व्याज मिळालं का?"

मी वही काढली, आणि शनिवारच्या खाली त्यांचा प्रश्न लिहिला.